कॅमेऱ्याची मूठ

हत्याराला मूठ लावावी कीं लावूं नये, हा प्रश्न कारागिराचा. त्यांत नीतीचा काय संबंध, असें वाचक विचारतील. दोन महिन्यांपूर्वीं मींही तेंच विचारलें असतें.

माझ्याजवळ कैलासवासी थोरल्या बंधूंचा लायका एम-६ आहे. १९८४ सालीं निघालेला हा फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा. खिडकींत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या कीं अंतर साधलें. अंग गुळगुळीत, पुढें बोटें अडकवावयास उंचवटा म्हणून नाहीं. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताचीं बोटें आखडूं लागलीं, आणि एके दिवशीं तो हातांतून सुटला. गळ्यांत पट्टा होता म्हणून वांचला. मुलगी म्हणाली, "बाबा, मूठ बसवून घ्या ना त्याला." मला रागच आला. दादांनीं वीस वर्षें तो मुठीवांचून वापरला होता.

तरीपण मुठी पाहिल्या. एक जात तळाला, तिपाईच्या स्क्रूसाठीं असलेल्या छिद्रांत, आवळून बसवितात. बोटांना ती उत्तम आधार देते. परंतु ह्या कॅमेऱ्यांत फिल्म भरतांना तळपट्टीच काढावी लागते, म्हणजे दर छत्तीस चित्रांनंतर आधीं मूठ सोडवा, मग पट्टी. दुसरी जात आंगठ्याच्या टेकूची. ती वर फ्लॅशच्या खांचेंत सरकते. पण फिल्म पुढें सारण्याची लिव्हर किंचित् बाहेर ओढून ठेविली तर तो टेकू फुकट मिळतो. शिवाय माझा आंगठा ठीक आहे. दुखतात तीं बोटें. तेव्हां निवड उघड होती, आणि तरी मी तीन आठवडे थांबलों.

रूप बिघडेल, असें मीं मुलीस सांगितलें. खरें कारण निराळें होतें. माझा हात पूर्वीचा राहिला नाहीं, हें ती मूठ चारचौघांस सांगणार होती. साधेपणाचें नांव पुढें करून मी अहंकार जपत होतों. आणि ज्या रूपाचा मीं एवढा कैवार घेतला, तें तरी कोठून आलें? वेत्झलार येथील लाइट्झ कारखान्यांतला ऑस्कर बार्नाक दम्यानें त्रासलेला. कांचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा घेऊन हिंडणें त्यास झेपेना. म्हणून सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून त्यानें १९१३-१४ च्या सुमारास लहानसा कॅमेरा केला. १९२५ सालीं लायका बाजारांत आला. दुर्बळ छातीच्या सोयीसाठीं जें यंत्र जन्मास आलें, तें दुर्बळ बोटांच्या सोयीनें विटाळतें, असें मीं कोणत्या तोंडानें म्हणावें?

(ज्यांचे हात धड आहेत अशा तरुणांनीं मात्र पहिलीं दहा रिळें मुठीवांचूनच काढावींत. आपला हात नेमका कोठें अडतो, हें कळण्यापूर्वीं घेतलेली मूठ हा नुसता दागिना.)

परवां मूठ आली. स्क्रू मुलीनें आवळला. दादांच्या बोटांनीं पुढल्या बाजूस झिजलेलें काळें आवरण आतां तिच्याआड गेलें आहे. तें पाहावयाचें तर छत्तीस चित्रें काढावीं लागतात.