वांटलेलें कर्तव्य

प्रत्येकानें आपापलें काम चोख करावें म्हणजे एकंदर काम आपोआपच चोख होतें, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची एक दृढ समजूत आहे. मीहि ती बाळगून होतों. एका स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या दुखण्यानें मला तिचा फेरविचार करावा लागला.

ब्याऐंशी वर्षांच्या या बाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. अस्थितज्ज्ञांनीं शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. हृदयतज्ज्ञांचा अभिप्राय येण्यांत दोन दिवस गेले. भूल देणाऱ्यांनीं आणखी एक तपासणी मागितली. "या वयांत चिरफाड कशाला?" या प्रश्नावर घरांत वाद होऊन आणखी एक दिवस गेला, त्या वादांत मीहि होतों. पांचव्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. परंतु बाईंना रात्रीं भ्रम होऊं लागला, अन्न जाईना, पाठीला व्रण पडले. अस्थितज्ज्ञ क्ष-किरणांचें छायाचित्र दाखवून म्हणत, "हाड अगदीं बरोबर बसलें आहे." तें खरेंच होतें. हाड सांधलें, बाई मात्र पुन्हा उभ्या राहिल्या नाहींत.

येथें अपराधी कोण? कोणाच्याहि कामांत खोट काढतां येत नाहीं, आणि तरीहि अनर्थ झाला. नीतिविचाराला कठीण पडणारी गोष्ट ती हीच. आपण कर्तव्याची वांटणी केली ती सोयीसाठीं. परंतु त्या वांटणींत खुद्द ती बाई कोणाच्याच वांट्याला आली नाहीं. हाडाला धनी होता, हृदयाला होता, बाईंना नव्हता.

या अडचणीचा विचार इतरत्र झालेला आहे. इंग्लंडमध्यें हेस्टिंग्ज येथें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मायकेल डेव्हस हे अस्थिशल्यज्ञ व बॉबी आयर्विन हे वार्धक्यवैद्य यांनीं अशा रुग्णांची एकत्र काळजी घेण्याची पद्धति घालून दिली. पुढें २०१० पासून तेथें अशा रुग्णावर ३६ तासांच्या आंत शस्त्रक्रिया करणें, त्यास दोन्ही वैद्यांच्या संयुक्त देखरेखीखालीं ठेवणें इत्यादि अटी पाळणाऱ्या रुग्णालयांस अधिक मोबदला मिळूं लागला. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें सत्तर व त्याहून अधिक वयाच्या ३९७ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१५ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांची सर्वांगीण काळजी वार्धक्यविभागांत घेतली गेली, ते चार महिन्यांनंतर केवळ अस्थिविभागांत राहिलेल्यांपेक्षां अधिक चांगले हिंडूं-फिरूं शकत होते.

यावर कोणी म्हणेल, हा बारभाईचा कारभार. जी सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे. आक्षेप खरा, पण अर्धाच. ज्या बारभाईंच्या नांवानें आपण ही थट्टा करतों, त्यांच्यांत १७७४ सालीं मतभेद कांहीं थोडे नव्हते. पण त्यांच्या मधोमध एक तान्हें मूल होतें व त्याची गादी राखावयाची होती, म्हणून ते एकत्र राहिले. हात अनेक असल्यानें काम बिघडतें असें नाहीं. त्या हातांच्या मध्यें कोणी नसलें म्हणजे बिघडतें.

आपला भाग पुरा करून शिवाय संपूर्ण माणसाविषयीं विचारणें, याला मी सहकार्य म्हणतों. ही रात्रीं झोपली काय, जेवली काय, उद्यां उभी राहील काय? हे प्रश्न दुसऱ्याच्या वांट्याचे म्हणून टाळण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.

आणि हा नियम वैद्यांपुरता नाहीं. वादाच्या त्या दिवशीं आम्हीं खर्च, वय, धोका या सर्वांचा विचार केला. अंथरुणास खिळून राहण्यांतहि धोका असतो, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. तें अज्ञान एक वेळ क्षम्य मानतां येईल. पण त्या दिवशीं बाई पूर्ण शुद्धीवर होत्या, आणि त्यांना स्वतःला काय वाटतें हें विचारावयास आमच्यापैकीं एकहि जण रुग्णालयांत गेला नाहीं.