न पसरलेला हात

जो मागतो त्याला द्यावे, याविषयी फारसे दुमत आढळत नाही. खरा पेच निर्माण होतो तो न मागणाऱ्याच्या बाबतीत. ज्याला गरज आहे, परंतु जो हात पसरत नाही, त्याच्याप्रती आपले काही कर्तव्य आहे काय? गाव सोडून विद्यापीठात शिकावयास गेलेल्या मुलामुलींचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि वसतिगृहाची कामेही स्वतःच करीत. गरीब मुलगा स्वाभिमानी असतो. दान घेताना त्याला मिंधे झाल्यासारखे वाटते. श्रमाचा मोबदला म्हणून मिळालेली भाकर मात्र तो ताठ मानेने खातो. ‘कमवा आणि शिका’ या विचाराचे मर्म हेच होय. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही ग्रामीण विद्यार्थ्यांना निवारा देताना स्वावलंबनाचा हाच धागा जपला. पुढे विद्यापीठांनीही ही योजना स्वीकारली. न मागणाऱ्याची लाज राखून त्याला देता येते, हे या कार्याने दाखवून दिले.

तथापि सर्वच गरजा श्रमाने फिटत नाहीत. परीक्षेतील अपयश, एकटेपणा, मनाला आलेली काजळी यांचा मोबदला कोणते काम करून चुकवावा? या दुःखाची दखल आता न्यायसंस्थेनेही घेतली आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. या सोयी अत्यावश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु दार कितीही उघडे ठेवले, तरी उंबरठ्यापर्यंत पाऊल विद्यार्थ्यालाच टाकावे लागते. आपल्या फीसाठी घरी काय गहाण पडले आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो दूरध्वनीवर ‘बरे आहे’ एवढेच सांगतो.

यावर कोणी म्हणेल, अठरा वर्षांचा विद्यार्थी सज्ञान आहे. त्याच्या जीवनात न विचारता डोकावणे हे त्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पाळत आणि आस्था यांतील भेद जाणला पाहिजे. पाळत विचारते, ‘कुठे होतास?’ आस्था विचारते, ‘जेवलास का?’ पहिल्या प्रश्नात संशय असतो, दुसऱ्यात त्या व्यक्तीचे मोल असते. आणि उत्तर न देण्याची मोकळीकही असते.

असा प्रश्न विचारणारे माणूस कोठे भेटते? वसतिगृहाच्या पंक्तीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात. अभ्यासाच्या दृष्टीने या गोष्टी आपण दुय्यम मानतो. पण एखादे ताट दोन दिवस रिकामे राहिले, तर ते प्रथम लक्षात येते ते तेथेच. सेवाकेंद्र हाकेची वाट पाहते. सोबत मात्र हाकेपूर्वीच धावते. संस्थेने दोन्हींसाठी जागा आणि वेळ राखून ठेवणे हे तिचे कर्तव्यच होय.

आणि आपले? शहरातील आपल्या धर्मग्रामात दूरगावची मुले भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांपैकी एखाद्याला रविवारी आपल्या घरी जेवावयास बोलवावे आणि जाताना पुढच्या रविवारचेही आमंत्रण द्यावे. त्याने काही सांगितलेच पाहिजे असे नाही. तो आला नाही, तर मात्र आपण त्याच्या खोलीपर्यंत जावे.