जागा मिळाली, पुढे काय?

सोलापुरात महाविद्यालयांची वानवा नाही. शासकीय तंत्रनिकेतन आहे, 1963चे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे, 1983पासूनची वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि 2004मध्ये या एकाच जिल्ह्यासाठी निघालेले विद्यापीठही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या. म्हणजे दहावी-बारावी झालेल्या कर्णबधिर मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळू शकतो. पण तास सुरू झाला की त्यांना काय कळते?

ओठ वाचून सगळे समजते, हा ऐकणाऱ्यांचा लाडका गैरसमज. पान, भान आणि मान ओठांवर सारखेच दिसतात. क आणि ग तर आतच राहतात. सर फळ्याकडे वळले की उरलेसुरलेही गेले. त्यात आपली शाळा दयाळू. राज्य मंडळ कर्णबधिरांना भाषा विषयांत सूट देते, बरीच मुले एकाच भाषेवर दहावी होतात. निकाल चांगला लागतो, पेढे वाटले जातात. पुढे पदविकेच्या पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तक हातात येते, तेव्हा त्या सवलतीची किंमत कळते. सूट देणे स्वस्त असते, भाषा शिकवणे महाग.

कायद्यातली एक विसंगती फारशी कुणी बोलत नाही. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वेगळा आहे. शिक्षणातल्या 5 टक्क्यांत तशी वाटणीच नाही. नोकरीचे दार त्यांच्या नावाचे, तिथवर नेणारा रस्ता मात्र कुणाच्याच नावाचा नाही.

माझे म्हणणे अनेकांना रुचणार नाही. 'सर्वांसोबत शिकू द्या' या घोषणेखाली आपण कर्णबधिर विद्यार्थ्यांना विखरून टाकले आहे. साठ जणांच्या वर्गात एकच कर्णबधिर मूल असेल तर त्याच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी कोण नेमणार? तोही एक पुरत नाही. सलग काम केले तर थोड्याच वेळात हात आणि डोके थकते, म्हणून आळीपाळीने दोघे लागतात. पंधरा महाविद्यालयांत पंधरा मुले असतील तर हा खर्च कुणीच करणार नाही. तीच पंधरा एका ठिकाणी आली, तर दोघांत भागते.

जिथे जमले, तिथे असेच जमले. अमेरिकेत 1965च्या कायद्यातून कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय तंत्रसंस्था उभी राहिली आणि 1968मध्ये रॉचेस्टरच्या तंत्रविद्यापीठात तिचे वर्ग सुरू झाले: काही वर्ग स्वतंत्र, काही सर्वांसोबत, पण दुभाषी आणि टिपणे काढून देणारे दिमतीला. एवढ्या लांब कशाला, तिरुवनंतपुरमच्या 'निश' संस्थेत कर्णबधिरांना संगणकशास्त्राची आणि ललितकलेची पदवी घेता येते. सप्टेंबर 2023मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साथीने सर्वोच्च न्यायालयापुढे ऑनलाइन हजर झाल्या. बुद्धी त्यांच्याकडे आधीपासून होतीच, त्या दिवशी सोय झाली.

कर्णबधिरांची तुकडी वेगळी म्हणजे बहिष्कृत नव्हे. सिद्धान्ताचे तास तुकडीसाठी वेगळे घ्यावेत, कार्यशाळा सर्वांसोबत. तिथे फक्त शिक्षकांची सवय बदलावी लागेल: आधी सांगायचे, मग यंत्र चालवून दाखवायचे. लेथवर डोळे असताना दुभाष्याचे हात दिसत नाहीत. मागाच्या खडखडाटात तर ऐकणारेही हातवाऱ्यांनीच बोलतात, हे सोलापूरकरांना मी काय सांगावे!

चादरी, टॉवेल आणि गणवेशांच्या या शहरात वस्त्रोद्योग किंवा संगणक यांपैकी एका पदविकेपासून सुरुवात करता येईल. विद्यापीठ, तंत्रनिकेतन आणि कारखानदारांनी एकत्र बसून येत्या जूनला पंधरा जणांची एक तुकडी आणि दोन दुभाषी, एवढेच ठरवावे.