थांबलेली मिनिटे

चार वर्षांच्या मुलासमोर एक मार्शमेलो ठेवायचा, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन’ असे सांगून खोलीबाहेर जायचे आणि मूल किती वेळ थांबते ते मोजायचे. वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग बालवाडीत हे प्रयोग सुरू केले. त्यांतल्या काही मुलांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा अधिक वेळ थांबलेल्यांना परीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे दिसले. तेवढ्यावर प्रयोग जगभर गाजला. आपल्याकडे पालकांपुढच्या व्याख्यानांतही तो सांगतात : ज्याला संयम, तो पुढे जातो.

या निष्कर्षातली घाई मला खटकते. घड्याळाने मोजली ती मिनिटे; त्यांना संयम ठरवले ते आपण. मूल थांबले नाही, याला हावरेपणाखेरीज दुसरे कारण असू शकते का, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही.

ते कळावे म्हणून सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात एक साधी भर घातली. त्यांचा निबंध २०१३ साली छापून आला. मार्शमेलोच्या आधी मुलांना चित्र काढायला जुने खडू दिले आणि ‘थांब, याहून चांगले सामान आणते’ असे सांगितले. निम्म्या मुलांना ते खरेच आणून दिले. उरलेल्यांना ‘नाही गं, सामान संपलंय’ असे सांगून हात हलवत परत आले. स्टिकरांच्या बाबतीतही तेच. मग मार्शमेलो. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटे. पहिल्या गटातली १४ पैकी ९ मुले पूर्ण १५ मिनिटे थांबली. दुसऱ्या गटातले एकच. कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरलेले असल्याने उपजत स्वभावाकडे बोट दाखवता येत नाही. मुले अवघी २८, म्हणून फार ताणू नये हे खरे. तरीही मोठ्या माणसांचा शब्द मोडताना पाहिलेल्या मुलाने हातातला खाऊ खाऊन टाकणे मला शहाणपणाचे वाटते.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि होनान क्वान यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबणे आणि पुढची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध जुन्या आकड्याच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा गळाला. विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीवरून साऱ्या मुलांविषयी बोलण्यातली जोखीम इथे उघडी पडते.

मिशेल यांच्यावर मात्र याचे खापर फोडू नये. देणाऱ्यावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न त्यांना १९५०च्या दशकात त्रिनिदादमधल्या मुलांसोबत काम करतानाच पडला होता. बिंगमध्येही ते मुलांची क्रमवारी लावत नव्हते. एकेक गोष्ट बदलून पाहत होते. खाऊ नजरेआड ठेवला की मुले जास्त थांबत. गमतीचे काही आठवायला सुचवले, तरी जास्त थांबत. म्हणजे तेच मूल वेगळ्या मांडणीत वेगळे वागू शकते, हा त्या खोलीतला सर्वांत मोलाचा शोध होता, आणि व्याख्यानांतून नेमका तोच गाळला जातो.