हवेत हलकं, जमिनीवर जड

"स्टिअरिंग गेलंय." जुन्या पद्मिनीचा मालक गॅरेजच्या दारात उभा राहून एवढंच सांगतो. गाडी लावताना चाक अर्धं वळतं आणि अडतं, मग सीटवर पुढे सरकून दोन्ही हातांनी ओढावं लागतं, संध्याकाळी खांदे भरून येतात. तक्रार खरी आहे. पण त्या दोन शब्दांत एक निष्कर्षही आहे: हाताला जड लागतं ते स्टिअरिंग, म्हणून बिघाड स्टिअरिंगमध्ये. दुखतं तिथेच रोग असतो का, आणि कारण सापडलं असं म्हणायचं तरी कधी, हा प्रश्न भारतीय तर्कशास्त्राने शेकडो वर्षं चिवटपणे धरून ठेवला. गॅरेजमध्ये तोच प्रश्न रोज उभा राहतो आणि तिथे त्याचं उत्तर दिवेलागणीच्या आत द्यावं लागतं.

पद्मिनी म्हणजे मूळची इटालियन फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार होई. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली, हौसेने जपलेल्या खासगी गाड्या मात्र अजून धावतात. तिच्या स्टिअरिंगच्या मदतीला पंप नाही की मोटर नाही. हाताचा जोर मोठ्या, बारीक कड्याच्या चाकातून दांड्यात उतरतो, दांड्यातून स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो, तिथे वर्मच्या, म्हणजे मळसूत्रासारख्या आट्यांच्या, आधाराने आर्मला फिरवतो. आर्म टाय रॉडना ढकलतो आणि टाय रॉड किंगपिनभोवती फिरणाऱ्या पुढच्या चाकांना. या वाटेवर घर्षण कुठेही वाढो, हाताला कळतं एकच. जड.

अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांनी सोळा पदार्थ सांगितले. त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. संशयाला इतकं वरचं, मानाचं स्थान देणारं शास्त्र विरळाच. त्याचं नेहमीचं उदाहरण संधिप्रकाशातलं: दूर काहीतरी उभं दिसतं, ते खांब आहे की माणूस? उंची दोघांचीही, म्हणून ती पाहून ठरत नाही. वेगळेपण दाखवणारी खूण दिसत नाही तोवर मन दोन्हीकडे झुलतं. जड स्टिअरिंगचंही तसंच आहे. कमी हवेचे टायर, कोरडा बॉक्स, अडकलेला बॉल जॉइंट, बिघडलेलं अलाइनमेंट, गंजलेला किंगपिन, या सगळ्यांचा समान धर्म जडपणा. नुसत्या जडपणावरून बॉक्स उघडायला घेणारा मिस्त्री अंधारातल्या खांबाला हाक मारतो आहे.

म्हणून जाणता मिस्त्री आधी हवा मोजतो. हे काम इतकं साधं आहे की मालकाला त्याचा राग येतो, पण कमी हवेचा टायर रस्त्यावर पसरून बसतो आणि वळताना सगळा पसारा घासत नेतो. कुणी दिसायला बरं म्हणून रुंद टायर चढवलेले असतात. कुणी मूळचं चाक काढून छोटं, मऊ आवरणाचं स्पोर्ट्स चाक बसवलेलं असतं. मोठं चाक ही शोभा नव्हती, ती तरफ होती, हे तेव्हा लक्षात येतं.

हवा ठीक निघाली की जॅक लागतो. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलायची, खाली घोड्या लावायच्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. अजूनही जड? मग टायर आणि रस्ता सुटले. आता टाय रॉड आर्मपासून मोकळे करायचे आणि पुन्हा फिरवायचं. तरीही जड असेल तर दोष बॉक्समध्ये किंवा दांड्यात; हलकं झालं असेल तर तो पुढे, सांध्यांत किंवा किंगपिनमध्ये. एक गोष्ट असताना जे होतं ते ती काढल्यावर होतं का, हे पाहण्याच्या या पद्धतीला शास्त्रकार अन्वय-व्यतिरेक म्हणतात. गॅरेजात तिला नाव नाही, पण क्रम तोच.

बॉक्सच निघाला तर त्याची गोष्ट ऐकण्यासारखी असते. बॉक्स गळायला लागला की पुष्कळ जण त्यात नव्वद नंबरचं ऑइल घालायचं सोडून ग्रीस भरतात. ग्रीस गळत नाही खरं, पण दाते त्यातून आपली वाट करून घेतात आणि बाजूला सरलेलं ग्रीस परत येत नाही; डबा भरलेला आणि दाते कोरडे. दुसरी चूक स्क्रूची. गाडीचा जन्म बहुतेक सरळ जाण्यात जातो, त्यामुळे वर्म मधोमध सर्वांत जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवा राहतो. मधला खेळ जावा म्हणून वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की मध्ये बरं वाटतं आणि वळणावर, न झिजलेल्या आट्यांवर, बॉक्स आवळून धरतो. संस्कार या शब्दाचा अर्थ इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल: जे रोज केलं त्याचा खड्डा पडला आहे, आणि तो खड्डा प्रमाण मानून बाकीचं आयुष्य बेतलं तर ते कुठेतरी अडणारच.

कधीकधी कारण हातापासून सर्वांत लांब, मागच्या चाकांपाशी असतं. मागचे पाटे बसले की गाडीचं शेपूट खाली जातं, नाक वर येतं आणि त्याबरोबर किंगपिनचा मागे कललेला कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, वाढतो. कॅस्टर जितका जास्त तितकं चाक सरळ राहायला हट्ट धरतं आणि वळवायला जास्त जोर लागतो. इथे एक गोष्ट मालकाला समजावून सांगावी लागते. हा हट्ट पूर्ण काढून टाकायचा नसतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्याच्याच जोरावर. तो नसेल तर गाडी महामार्गावर भरकटते. म्हणजे या जडपणात थोडा दोष असतो आणि थोडा स्वभाव. दोष काढायचा, स्वभाव राखायचा, आणि या दोहोंमधली रेघ शोधणं हे पाना फिरवण्यापेक्षा अवघड काम आहे.

खरी परीक्षा पुढेच आहे. जॅकवर स्टिअरिंग एका बोटाने फिरलं तर? बॉक्स निर्दोष, सांधे निर्दोष. किंगपिनही निर्दोष ठरवून मिस्त्री अलाइनमेंटकडे वळतो, आणि बरेचदा इथेच फसतो. गाडीचा पुढचा भार किंगपिनपाशी थ्रस्ट वॉशरवर टेकलेला असतो. तो वॉशर कोरडा पडून खरवडला असेल तर भाराखालीच अडतो. जॅकने चाक उचललं की भार गेला आणि त्याबरोबर अडणंही गेलं. तपासणीनेच कारण झाकलं.

नैयायिकांना हा धोका माहीत होता. धूर तिथे अग्नी हे खरं, पण अग्नी तिथे धूर हे खरं नाही, कारण धुराला ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटलं. इथली उपाधी म्हणजे भार. चार्वाकाने नेमकं इथेच बोट ठेवलं: लपलेली अट नाहीच, हे कशावरून? माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात हा आक्षेप पहिल्याच प्रकरणात आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ मध्ये काढली. आक्षेप खोडून काढणं सोपं नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेलं उत्तर असं: शंका घ्यावी, पण स्वतःच्याच वागण्याशी तिचा विरोध येईपर्यंत. धूर हवा असणारा माणूस विस्तवच पेटवतो. मग अग्नीच्या कारणपणावर त्याची शंका उरली कुठे? श्रीहर्षाने पुढे हे उत्तर उदयनाच्याच शब्दांत फेरफार करून उलटवलं, आणि तर्काच्या पातळीवर त्याची चाल जबरदस्त आहे. तरीही गाडीखाली आडव्या पडलेल्या माणसाच्या बाजूने उदयनच उभा आहे. शंका त्याला जागेवर खिळवत नाही. पुढची तपासणी कोणती करायची ते सांगते.

ती तपासणी अशी. पत्र्याच्या दोन दोन चौकोनी पट्ट्या घ्यायच्या, मध्ये ग्रीस चोपडायचं आणि प्रत्येक पुढच्या चाकाखाली एक जोडी ठेवून गाडी त्यांवर उतरवायची. अलाइनमेंटवाल्यांकडच्या फिरत्या थाळ्यांचंच हे घरगुती रूप. आता भार पूर्ण आहे, पण टायर जमिनीला घासत नाही. वरचा पत्रा खालच्यावर सरकतो. मिस्त्री खिडकीतून हात घालून स्टिअरिंग फिरवतो. ते अडतं. खाली सरकत्या पत्र्याचा आवाज येतो, थांबतो, धक्क्याने पुन्हा येतो.

मग ग्रीस गन किंगपिनच्या निपलला लागते. दांडा दाबला तरी ग्रीस आत जात नाही, निपलच्या कडेने बाहेर येतं. निपल काढून तारेने भोक साफ केलं की आधी काळा, कडक झालेला लगदा निघतो, मग गंजाच्या रंगाचं पाणी. एवढं दिसल्यावर पिन बाहेर काढायचाच. थ्रस्ट वॉशर तळहातावर घेऊन मिस्त्री उजेडात धरतो: एका बाजूला अर्धगोल चरा, नखाने चाचपता येईल इतका खोल. तो मालकाच्या हातात देतो. मालक अंगठा फिरवतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग विचारतो की दुसऱ्या बाजूचाही काढून बघायचा का.