आधी पाठ कर, मग विचार



आजचा श्लोक : गीता, अध्याय ४, श्लोक ३४. सोमवारी वाचला, तेव्हापासून मनातून जात नाहीये. ज्ञान हवं तर गुरूंकडे कसं जावं, ते भगवंत इथे सांगतात. नमस्कार, परिप्रश्न आणि सेवा. 'परि' म्हणजे सगळ्या बाजूंनी. एकदा विचारून गप्प बसायचं नाही, समजेपर्यंत विचारत राहायचं, असं मी समजते. आणि वाचता वाचता आदल्या दिवशीचा माझाच वर्ग आठवला.

सोसायटीतल्या मुलांना मी पंधरावा अध्याय शिकवते. २० श्लोक, दिवाळीपर्यंत पाठ करून घ्यायचे ठरलेत. पहिल्याच श्लोकाला एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "ताई, झाडाची मुळं वर कशी? पडणार नाही का ते?" मी म्हटलं, "आधी पाठ कर, मग विचार." तिने पाठ केला. एकही चूक नाही. नंतर काहीच विचारलं नाही.

पाठांतराला मी नावं ठेवत नाहीये. वेद पाठ करूनच टिकले, आणि डोळे गेल्यावर आजीला हरिपाठाचीच सोबत होती. पण नचिकेत आठवा. तिसरा प्रश्न सोडून दे म्हणून यमाने हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, सगळं देऊ केलं. तो हटला नाही, आणि यम त्यावरच खूश झाला. मी माझ्या नचिकेताला एका पेन्सिलीच्या बक्षिसात गप्प केलं! खरं कारण सांगू? उत्तर मलाच नीट येत नव्हतं.

काल वर्गात तसं कबूल केलं. खडूने फरशीवर उलटं झाड काढलं. एकजण म्हणाला, तळ्यात दिसतं तसं. मग शंकराचार्यांच्या भाष्यातला अर्थ सांगितला : अश्वत्थ म्हणजे जो उद्यापर्यंतही तसाच राहत नाही, तो हा संसार, आणि त्याचं मूळ वर, म्हणजे ब्रह्मात.

ती लगेच म्हणाली, "मग त्याच श्लोकात त्याला अव्यय का म्हटलंय? अव्यय म्हणजे न संपणारं ना?"

श्लोक पाठ होता म्हणूनच तिला तो शब्द सापडला, हेही खरं. मी पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागितलीये. आत्ता ज्ञानेश्वरी काढून बसलेय. श्लोक दोनच झालेत, दिवाळीचं काय ते बघू.