अर्ध्यावर राहिलेली लढाई

बसा. भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. आज मनासमोर ठेवायची गोष्ट अगदी लहान आहे: 'शक्तिमान' या उडणाऱ्या महानायकाच्या मालिकेचा एक फसलेला भाग. भागाचा क्रमांक आठवायची गरज नाही. शेकडो भागांच्या त्या मालिकेत असे भाग बरेच होते, आणि त्यातला एक तरी तुमच्या वाट्याला आलेला असेल.

जागा रिसोडची घेऊ, काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. १९९८मध्ये १ जुलैला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि रिसोडच्या माणसांना पत्ता लिहिताना जिल्ह्याचं नाव बदलावं लागलं. पोट्ट्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. त्यांचा आठवडा रविवारी दुपारी बारा वाजता भरायचा. ज्या घरी टीव्ही, त्या घराच्या दारात चपला पडायच्या. एक जण वर स्लॅबवर अँटेना धरून उभा. "आलं का बे?" "नाही ना, मुंग्याच हायेत अजून." मग जरा चेहरा दिसला की खालून एकच आरडा, "राहू दे, राहू दे! हलवू नको!"

त्या खोलीत जरा वेळ थांबा. फरशीचा गारवा, दाटीवाटीनं बसलेल्यांचे गुडघे, आतून येणारा फोडणीचा वास. लाईन जाऊ नये म्हणून कुणीतरी मनातल्या मनात देवीला नमस्कार करतंय.

आता मागचा रविवार आठवा. पत्रकार गीता विश्वास संकटात सापडली आणि नेमका तिथेच भाग संपला. पुढचे सहा दिवस ती लढाई रिसोडच्या पोरांनी लढली. मधल्या सुट्टीत, विहिरीच्या काठावर, सोयाबीनच्या धुऱ्यावर. शक्तिमानसारखा एक हात वर करून, गिरक्या घेऊन, चक्कर येऊन पडेपर्यंत. कोण कुठून येणार, खलनायक किल्विषचं काय होणार, सगळं ठरलं होतं. रविवार उजाडेपर्यंत तो भाग प्रत्येकाचा पाहून झाला होता.

आणि पडद्यावर काय आलं? आधी मागच्या वेळचंच पुन्हा. मग जाहिराती. मग चष्मेवाला गंगाधर, म्हणजे वेष बदललेला शक्तिमानच, 'आज की आवाज' या वर्तमानपत्राच्या कचेरीत धडपडतो, बोलतो, बोलतच राहतो. पुन्हा जाहिराती. लढाईला तोंड फुटतं आणि भाग संपतो. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें', म्हणजे दात घासावेत आणि मोठ्यांचं ऐकावं.

इथे लगेच पुढे जाऊ नका. छातीत जे बसलं त्याच्याजवळ थांबा. राग म्हणावा तर राग नाही. कुणी भांडलं नाही. पोरं उठली, आपापल्या चपला शोधल्या आणि उन्हात निघून गेली.

हवं तर आता पडद्याच्या मागे जाऊन या. मालिका मुकेश खन्ना यांनी स्वतः काढलेली, दिग्दर्शक दिनकर जानी. घरातल्या मोठ्यांना खन्ना ओळखीचे होते ते 'महाभारता'तले भीष्म म्हणून. दूरदर्शनवर तेव्हा निर्मात्यानं वेळेचे पैसे भरायचे आणि ते जाहिरातींतून काढायचे, अशी पद्धत होती. हे शुल्क वाढत गेल्याचं खन्ना यांनी पुढे अनेकदा सांगितलं. त्यात उडणारा माणूस दाखवायचा म्हणजे त्याचं चित्र वेगळं घ्यायचं आणि आकाशाच्या चित्रावर बसवायचं. प्रत्येक उड्डाणाला वेळ आणि पैसा. दोन माणसं टेबलापाशी बोलताना दाखवणं स्वस्त. गंगाधर इतका का बोलत होता, याचं बरंचसं उत्तर मला इथे दिसतं. मालिका करणारी माणसं आळशी नव्हती. दर आठवड्याला अर्ध्या देशातल्या पोरांसमोर उभं राहणं हे अवघड काम होतं, आणि ते त्यांनी २००५पर्यंत केलं.

पण हे कारण रिसोडच्या त्या पोराला सांगायला जाऊ नका. त्याला ते नको आहे.

आणखी एका दुपारकडे वळू. एप्रिल २०२०, टाळेबंदी. दूरदर्शननं 'शक्तिमान' पुन्हा दाखवायला घेतला. तीच पोरं आता बाप झालेली, शेजारी स्वतःची लेकरं. यावेळीही अनेकांचं मन उतरलं, पण वेगळ्या कारणानं. आकाश चिकटवलेलं दिसलं. राक्षसाचा मुखवटा दिसला. लेकरू उठून मोबाईलकडे गेलं.

या दोन निराशा शेजारी ठेवा आणि सावकाश पाहा. मोठ्या माणसाला करामत फसलेली दिसली. त्या लहानग्याला ती दिसलीच नव्हती; आकाश त्याच्यासाठी आकाशच होतं. गीता अजून संकटात आहे आणि कुणी आलं नाही, एवढंच त्याला दिसलं होतं. ज्यानं यायचं तो येईल, यावर त्याचा पूर्ण भरवसा होता, आणि आज तो आला नव्हता. त्याचं दुःख खरं होतं. मोठेपणीचं हसू त्यावर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. तो भाग वाईट बनवला होता म्हणून ते पोर खट्टू झालं, असं आपण आज म्हणतो तेव्हा त्याच्यावर अन्याय करतो.

आता शेवटचं पाहायचं आहे. रिसोडमध्ये तो भाग संपल्यानंतरचे सहा दिवस. पुढचं लगेच पाहायची सोय नव्हती. ती राहून गेलेली लढाई घेऊनच सोमवारी शाळेत जावं लागलं, गुरुवारी डबा खावा लागला. शुक्रवारपर्यंत पोरांनी पुन्हा धुऱ्यावर नवा भाग रचला, मागच्यापेक्षा मोठा. मग रविवार आला. अकरा वाजताच कुणीतरी त्या दारात चप्पल काढली.

त्याला आत जाऊ द्या. त्याच्या मनात या वेळी काय होतं, ते तुमचं तुम्ही आठवा.